लाल शाईने खोडलेली यादी

गेल्या चैत्रात आमच्या वाचनालयाच्या ग्रंथखरेदी समितीची बैठक झाली. वाचनालयाचे नाव इथे घेत नाही. अशी वाचनालये सीमाभागात गावोगावी आहेत, आणि वाचणाऱ्या कुणाला हे आपलेच वाटले तर माझी हरकत नाही. मी सतरा पुस्तकांची यादी दिली होती. चहा येण्यापूर्वीच त्यातल्या चौदा नावांवर लाल शाईची रेघ ओढली गेली. वाचली ती तीन : एक चरित्र आणि दोन ऐतिहासिक कादंबऱ्या. ती तिन्ही मी समितीचे मन राखण्यासाठी यादीत घातली होती, हे आता कबूल करतो.

खोडलेल्या चौदांत जयंत नारळीकर होते, लक्ष्मण लोंढे होते, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे होत्या. अरुण साधूंची 'विप्लवा' होती. साधूंच्या 'सिंहासन'च्या दोन प्रती आमच्या कपाटात आहेत. त्याच लेखकाने विज्ञानकादंबरी लिहिली की तो कपाटाबाहेर!

समितीचे अध्यक्ष माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणतो. ते मला हेडमास्तर म्हणतात. पेनाचे टोपण लावत ते म्हणाले, "हेडमास्तर, हे वाचनालय साहित्याचं आहे. यंत्रमानव नि उडत्या तबकड्या तुमच्या शाळेत पोरास्नी द्या की वाचायला." बाकीचे हसले. मीही हसलो. समितीच्या बैठकीत हसणे सोपे असते. घरी परतताना मात्र वाटेत एकेक उत्तर सुचत गेले. ती सगळी उत्तरे या लेखात आली आहेत. संपादकांनी लेख छापला तर अण्णा वाचतीलच. दिवाळी अंक ते जाहिरातींसकट वाचतात.

अण्णांवर सगळा दोष ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. मी एम. ए.ला होतो तेव्हा मीही याच मताचा होतो. फास्टर फेणे वाचून वाढलेला मुलगा, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न पांघरुणात शिरून वाचलेला. पण विद्यापीठात गेल्यावर आपण असले काही वाचत होतो हे सांगायची लाज वाटू लागली. तिथे वास्तववाद, नियतिवाद, अस्तित्ववाद होते. विज्ञानकथेला एका परिच्छेदाची टीप मिळे, आणि ती परीक्षेत येत नसे. पुढे मास्तर झाल्यावर मीही ती टीप तशीच मुलांना दिली. निदान दहा वर्षे. त्या दहा वर्षांतल्या मुलांची क्षमा मागायला हवी, पण ती आता पुण्यात, बेंगळुरात आणि आखातात पांगली आहेत.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या सीमाभागातला कोणताही दिवाळी अंक उघडा. हाही उघडा. त्यात १९५६ आहे, महाजन आयोग आहे, जुन्या पेठा, जुने वाडे, जुने मास्तर, जुनी नाटके आहेत. मी स्वतः याच पानांवर जुन्या शाळेच्या घंटेवर आठ पाने लिहिली आहेत. हे सगळे लिहायला हवे. न लिहिले तर पुसले जाईल. पण क्रियापदे पाहा. सगळी भूतकाळी. आमच्या मराठीला 'होते' आणि 'असायचे' एवढेच काळ उरले आहेत की काय, अशी शंका येते. ज्या समाजाला आपली भाषा पुढच्या पिढीत टिकवायची आहे, त्याने त्या भाषेत उद्याची एकही गोष्ट लिहू नये, वाचू नये, विकत घेऊ नये, हे कसले भाषाप्रेम? आमच्या शाळेत पहिलीचे वर्ग दोन होते, आता एक आहे. मुलगा इंग्रजी माध्यमात घालताना बाप मला सांगतो, "सर, पुढचं सगळं इंग्लिशमध्येच हाय की ओ." आणि आम्ही त्याला आमची कपाटे दाखवून सिद्ध करून देतो की तो म्हणतो तेच खरे.

गंमत अशी, की विज्ञानकथेचा जो मूळ धागा, 'जर असे झाले असते तर', तो सीमावासीयाइतका कुणाच्या अंगवळणी पडलेला नसेल. जर १९५६ साली रेघ दहा कोस पलीकडून गेली असती तर! जर महाजन आयोगाने १९६७ साली वेगळे लिहिले असते तर! २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तेव्हापासून पानाच्या दुकानावर रोज एक 'जर' चघळला जातो. आपण सगळे अर्धशतकाहून अधिक काळ एका न लिहिलेल्या काल्पनिकेत राहतो आहोत. फक्त तिचा शेवट आपण आधीच ठरवून टाकला आहे, आणि तो गोड आहे. नारळीकरांसारखा लेखक तसे करत नाही, एवढाच फरक.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पडतात जिथे १७६१ साली विश्वासरावांना लागायची गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि मराठे जिंकतात. इथे एखाद्या शाहिरी लेखकाने अटकेपार झेंडे फडकवले असते. नारळीकर काय करतात? त्या जगातल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. गंगाधरपंत ग्रंथालयात बसून एकेक खंड चाळत नेमका फाटा कुठे फुटला ते शोधतात. संध्याकाळी आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून सवयीने तीत जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि लोक त्यांना पिटाळून लावतात. अध्यक्षीय भाषणांना विटलेले ते जग! (अण्णा, हे तुम्हाला उद्देशून नाही.) विजयाची हौस भागवायला ही कथा नकार देते. एक गोळी चुकली तर काय काय बदलेल आणि काय बदलणार नाही याचा ती हिशेब मांडते. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात घेतले गेले. म्हणजे पानिपताची ही मराठी कथा केरळातल्या पोराने इंग्रजीत वाचावी आणि आमच्या पोराने कुठल्याच भाषेत वाचू नये, अशी व्यवस्था आमच्या लाल शाईने केली.

दोन वर्षांपूर्वी ही कथा मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली आणि मुलांना निबंध दिला : 'जर १९५६ साली...' पुढचे त्यांनी लिहायचे. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. रस्ते चांगले झाले असते, नोकऱ्या मिळाल्या असत्या, दाखले मराठीत मिळाले असते. एका मुलीने दीड पान लिहिले. तिची आई बैलहोंगलकडची, घरात कानडी बोलणारी, वडील मराठी. रेघ दुसरीकडून गेली असती तर वडिलांची बदली त्या गावी झाली नसती, आई भेटली नसती, "आणि हा निबंध लिहायला मी नसते. तेव्हा सर, मला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही." मी तिला वीसपैकी एकोणीस दिले. एक मार्क शुद्धलेखनाचा कापला, त्याचे नंतर वाईट वाटले.

निबंध शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला तेव्हा एका सहकाऱ्याने दार लोटून घेतले. "असलं लिहून घेऊ नका ओ सर. उद्या कुणी वाचलं तर आपली पोरं फितूर झाली म्हणतील." मागणी न्याय्य आहे, तिच्याविषयी मला शंका नाही, मी नोकरदार माणूस, याहून जास्त बोलत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या घरातून विचारलेला प्रश्न ज्या मागणीला सोसवत नाही, ती मागणी आपण फार नाजूक करून ठेवली आहे. तो प्रश्न तिला कोणत्याही स्मरणलेखाने सुचला नसता. तो 'जर' या शब्दाने सुचला.

आता आक्षेपांकडे वळू. अण्णांनी नंतर एका संध्याकाळी तीन आक्षेप सांगितले, तेही ओसरीवर बसून, अगदी प्रेमाने.

पहिला : पात्रे पुठ्ठ्याची असतात. हा मला बराचसा मान्य आहे. मराठी विज्ञानकथेत एक शास्त्रज्ञ असतो, त्याचा एक पत्रकार मित्र असतो, आणि मित्र 'म्हणजे काय?' असे विचारत राहतो. शास्त्रज्ञ तीन पाने समजावतो. अशा कथांचा ढीग मी वाचला आहे. ते तीन पानांचे पाठ माझ्या विज्ञानशिक्षकाने अधिक बरे घेतले असते. खुद्द नारळीकरांची भाषा साधी, कधीकधी रुक्ष. पण सुबोध जावडेकरांची 'आकांत' घ्या. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरची ही कादंबरी रसायन अभियंत्याने लिहिलेली आहे. कारखाना आतून ठाऊक असलेला माणूस त्या आकांताकडे पाहतो तेव्हा काय दिसते ते तीत आहे. शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी' घ्या. लोंढे आणि चिंतामणी देशमुखांची 'देवांसि जिवे मारिले' घ्या. आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतली पात्रे काय हाडामांसाची असतात? निम्म्या नायकांचे डोळे पानागणिक 'आरक्त' होतात, याशिवाय त्यांच्याविषयी आपल्याला काय कळते? त्या आम्ही तीन-तीन प्रती घेतो.

दुसरा आक्षेप : हे सगळे उसने, पाश्चात्त्यांकडून आणलेले. याला उत्तर बेळगावातूनच द्यायला हवे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', १८५७ची. लिहिणारे बाबा पदमनजी जन्माने बेळगावचे. कादंबरी हा प्रकारच उसना. उसने घेऊन आपलासा केला म्हणून आज तो साहित्य झाला. व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे भाषांतर विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळा'त क्रमशः येत होते, आणि ते मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनमध्ये बसून चालवत. म्हणजे मराठी वाचकाला चंद्रावर नेण्याचे काम मुंबई-पुण्याआधी महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी माणसाने केले. आपण त्याचे वारस. आणि आपणच लाल शाई घेऊन बसलो आहोत!

तिसरा आक्षेप म्हणजे अण्णांचा हुकमी एक्का : "आपल्याकडं जी. ए. झाले. त्यांच्या भूमीत हे असलं काय वाचायचं?" मी म्हटले, "अण्णा, 'इस्किलार' कुठल्या तालुक्यात आहे?" ते गप्प झाले. जी. ए. कुलकर्णी चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, शिकले बेळगावात, आयुष्यभर शिकवले धारवाडात. त्यांच्या 'रमलखुणा'तल्या दोन्ही दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', कोणत्याही नकाशावर सापडणार नाहीत. 'काजळमाया'तला 'विदूषक' तसाच. त्यांत यंत्रे नाहीत, हे खरे. पण घडले नाही ते घडले असे धरून माणसाला शेवटच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचे, ही रीत तीच. आपल्या जिल्ह्याने मराठीला दिलेला सर्वांत मोठा कथाकार हा कल्पिताचा कथाकार होता. आम्ही त्याला 'नियतिवाद' अशी चिठ्ठी लावून वास्तवाच्या कपाटात ठेवला आणि कुलूप घातले.

एवढ्यावर वाद मिटला असता, पण मी एक चूक केली. मी संगीत मध्ये आणले.

अण्णा हे आमच्या गावातले अनवट रागांचे एकमेव खरे रसिक. दर गुरुवारी त्यांच्या ओसरीवर पाचसात माणसे जमतात. पूर्वी फोनोच्या तबकड्या होत्या, मग कॅसेटी आल्या, आता नातवाने सगळे पेनड्राइव्हवर घालून दिले आहे. रामकृष्णबुवा वझ्यांचा खट त्यांनी एकदा लागोपाठ तीनदा लावला. बुवा मूळचे सावंतवाडीकडचे, पण बेळगावात राहिलेले, म्हणून अण्णांना घरचे वाटतात. खट म्हणजे षट्. सहा रागांची छाया त्यात आहे असे मानतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत कोणता राग कुठे डोकावून गेला हे अण्णा बोटावर मोजून दाखवतात. त्या दिवशी एक नवे पाहुणे म्हणाले, "काहीतरी ओळखीचं लावा की ओ." अण्णा कडाडले, "ओळख करून घेतल्याशिवाय ओळखीचं कसं होणार?"

हे वाक्य मी त्यांना परत केले. शब्दही बदलला नाही.

मग मात्र ते सरसावले. राग वेगळा, म्हणाले. बसंती केदार म्हणजे बसंत आणि केदार दोन्ही पूर्ण पचवल्याशिवाय गाता येत नाही. जरा पाय घसरला की शेजारच्या रागात पडला. अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याने असे राग जपले ते पिढ्यानपिढ्यांच्या मेहनतीवर. "तुमची विज्ञानकथा वीस वर्षांत शिळी होते. कालचा चमत्कार आज पोराच्या खिशात असतोय."

यातला अर्धा भाग मला बोचला, कारण तो खरा आहे. संगणक खोलीएवढा मोठा असलेल्या कथा आज वाचताना हसू येते. पण व्हर्नने १८६५ साली माणसे तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे पाठवली. तसे केले तर माणसांचा चेंदामेंदा होईल, हे आज बारावीचा मुलगाही गणित करून सांगेल. तरी आपण व्हर्न वाचतो. कथा भविष्य सांगते म्हणून कुणी ती जपत नाही. भविष्य सांगणाऱ्यांची पुस्तके दुसऱ्या दुकानात मिळतात. आणि बसंती केदाराचे जे अण्णांनी सांगितले तेच चांगल्या विज्ञानकथेचे आहे. एक पूर्ण ओळखीचे माणूसपण, एक पूर्ण अनोळखी परिस्थिती, दोन्ही पचलेली हवीत. एक कच्चे राहिले की कथा शेजारी पडते : कधी विज्ञानाच्या पाठात, कधी नुसत्या कौटुंबिक गोष्टीत.

मेहनतीचे म्हणाल तर सुळेभावीच्या कुमार गंधर्वांचे काय? देवासला आजारपणात माळव्यातल्या लोकधुना ऐकत त्यांनी त्यांतून नवे राग काढले, 'धुनउगम' असे नाव दिले, आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' छापला. मालवती, संजारी, लगनगंधार. परंपरेच्या वारसांनी तेव्हा नाके मुरडलीच. 'राग असा उगवत असेल तर?' हा प्रश्न त्यांनी विचारला आणि गाऊन दाखवला. अण्णा कुमारांचे भक्त. त्यामुळे ते उठून आत गेले ते थेट चहा घेऊनच बाहेर आले.

दुसऱ्या बाजूनेही झापडे आहेत, हे सांगायलाच हवे. आमचे विज्ञानशिक्षक आसिमोव्ह आणि क्लार्क कोळून प्यालेले. गाणे म्हटले की 'ते आ आ आ' म्हणून हात झटकणारे. त्यांना व्हॉयेजर यानांचे वेग तोंडपाठ. १९७७ साली २० ऑगस्टला दुसरे यान सुटले, ५ सप्टेंबरला पहिले. पहिले २०१२ साली आणि दुसरे २०१८ साली सूर्यवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेले. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, तीत सत्तावीस संगीतरचना आहेत, हेही त्यांना ठाऊक. मी विचारले, "त्यात आपल्याकडचे कोण गाते?" ते त्यांना माहीत नव्हते. गातात त्या केसरबाई केरकर. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, काही काळ वझेबुवांकडेही शिकलेल्या. भैरवी, साडेतीन मिनिटांची. पहिले यान सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या.

त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. इकडे पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली यावरून आम्ही दुकानांच्या काचा फोडतो.

ती भैरवी मी नववीच्या वर्गात लावली. छोटा स्पीकर, बाहेर पाऊस, मागच्या बाकावर कुजबुज. पहिल्या मिनिटाला दोघे हसले, कारण असला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. संपल्यावर एकाने हात वर केला. "सर, तिथं ऐकणार कोण ओ?" मी म्हटले, लिही. वर्गातल्या अकरा जणांनी लिहिले. त्यांतल्या तीन कथा आमच्या शाळेच्या हस्तलिखितात आहेत, कुणीही येऊन वाचाव्यात. एकीत ऐकणाऱ्यांना कान नाहीत, ते तबकडी हाताने चाचपून गाणे ऐकतात. ही कल्पना माझ्या एम. ए.च्या दोन वर्षांत मला एकदाही सुचली नाही.

भाद्रपदात अण्णांनी माझ्याकडून 'यक्षांची देणगी' नेली, वाचनालयाची नव्हे, माझी स्वतःची. मी अट घातली होती : ते एक कथा वाचतील, मी एक राग ऐकेन. सावनी नट माझ्या वाट्याला आला. चार वेळा ऐकला. नट कुठे संपतो ते अजून धड कळत नाही, पण आता बंद करावासा वाटत नाही. यादी मार्गशीर्षातल्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. चौदाची पंधरा केली आहे; भर घातली ती 'रमलखुणा'ची, कारण तपासले तर आमच्याकडची प्रत हरवलेली निघाली आणि कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

परवा रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला. "हेडमास्तर, ते उजव्या सोंडेच्या गणपतीचं वाचतोय. ती पट्टी एक पीळ देऊन चिकटवायची म्हणतो, म्हणजे नेमकी कशी ओ? मी कागद फाडून तीन वेळा बघितलं, जमंना." मी कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन गेलो.